पक्के मिस्त्रीचा पाय

पक्के हे त्याचं आडनाव नव्हे. गाडीचं चाक बसवून झालं, की तो व्हील पान्याच्या दांड्यावर हातभर लांबीचा लोखंडी पाइप चढवायचा, त्यावर उजवा पाय ठेवायचा, दोन्ही हातांनी गाडीचं टप धरायचा आणि सगळं अंग पाइपवर तोलायचा. नट कुरकुरला की वरून आणखी एक हिसका. मग "पक्कं!" असं ओरडून खाली उतरायचा आणि शेजारच्या नटाकडे वळायचा. गॅरेजांच्या त्या गल्लीत पलीकडच्या टोकाला बसलेल्या माणसालाही कळायचं, की मिस्त्रीने चाक बसवलं. म्हणून तो पक्के मिस्त्री. बायकोसुद्धा चिडली की "ऐकलं का हो, पक्के!" म्हणायची, आणि हा बाबा चिडायच्या ऐवजी खूश व्हायचा.

आता कुणी म्हणेल, एवढा कसला तो हट्ट? तर त्याचीही एक गोष्ट होती. उमेदवारीच्या काळात त्याने बसवलेलं एक चाक भर रस्त्यात निखळलं होतं. नशीब म्हणायचं, कुणाला लागलं नाही. चाक आपलं आपण गडगडत गेलं आणि गटारात पडलं. पण उस्तादाने चारचौघांत त्याची अशी काही खरडपट्टी काढली, की ती त्याच्या मनात कायमची घर करून बसली. पुढे स्वतःचं गॅरेज झालं, केस पिकले, तरी ढिला नट म्हटलं की तो हातातलं काम टाकून धावायचा.

एरवी ब्रेकच्या दुखण्यात त्याचा हात धरणारा गल्लीत कुणी नव्हता. गिऱ्हाईक शेजारी बसलं की पहिला नियम, तोंड बंद. रेडिओ बंद, पंखा बंद, काचा खाली. मोकळ्या रस्त्याला लागलं की गाडी पळवायची, ब्रेक आधी अलगद दाबायचा, मग जोरात. हातात स्टिअरिंग थरथरलं तर खोट पुढच्या चाकांत. स्टिअरिंग गप्प आणि बुडाखालची सीट थरथरली तर मागच्या. बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला तर ब्रेकचे पॅड संपत आले. खरवडल्यासारखा आला तर पॅड संपून लोखंडावर लोखंड घासतंय. "आता गाडी इथेच ठेवा आणि तुम्ही चालत घरी जा," असं तो सरळ सांगायचा. आणि पायाखाली पेडल धडधडायला लागलं, की समजायचं डिस्क वाकडी फिरतेय. ही डिस्क म्हणजे चाकाआडची लोखंडी थाळी. पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात म्हणून गाडी थांबते. थाळी वाकडी फिरली की चिमटीत धरताना धडधडणारच.

तर दुखणं तो बिनचूक ओळखायचा. त्यात आजही कुणी नावं ठेवणार नाही. ते झालं कशाने, एवढं मात्र त्याने कधी स्वतःला विचारलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी दाजींचं दुकान होतं, गाड्यांच्या सुट्या भागांचं. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या ताईचे यजमान. सडपातळ, चष्म्याला दोरी बांधलेले, बोलणं मोजकं. याने गॅरेज टाकलं तेव्हा दाजींनी त्याला काट्याचं गेज भेट दिलं होतं. डिस्कला टेकवून चाक फिरवलं, की ती केसभर जरी वाकडी असली तरी काटा हलतो. "अंदाजावर जाऊ नकोस, माप घेत जा," एवढंच दाजी म्हणाले होते. याने ते हसत घेतलं, डबीसकट कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं आणि विसरला. ज्याच्या हाताला सगळं कळतं त्याला काटा कशाला?

डिस्क, पॅड, सगळं तो दाजींकडूनच घ्यायचा. संध्याकाळी ताई दुकानात डबा घेऊन आली की याच्या गॅरेजात डोकावल्याशिवाय जायची नाही. "जेवलास का रे?" हा तिचा ठरलेला प्रश्न. याचे केस पिकले तरी तिचा प्रश्न तोच.

मग ती शाळेच्या बाईंची गाडी आली. बाईंची तक्रार अशी, की ब्रेक दाबला की स्टिअरिंग अंगात आल्यासारखं हलतं. याने चालवून बघितली, पुढच्या डिस्क काढून टाकल्या, दाजींकडच्या नव्याकोऱ्या बसवल्या, पाइपवर उभा राहून पक्कं केलं. गाडी झुळकीसारखी चालायला लागली. काही महिन्यांनी बाई परत दारात हजर. तीच थरथर, तीच धडधड. याने पुन्हा नव्या डिस्क घातल्या. त्याही गेल्या. तोवर आणखी दोन-चार गाड्या तशाच परत आल्या होत्या, आणि बाई एके दिवशी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा हो. मी दुसरीकडे नेते."

जमत नसेल! पक्के मिस्त्रीला! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काढलेल्या डिस्क त्याने दोन्ही हातांत उचलल्या, तसाच तरातरा दाजींच्या दुकानासमोर गेला आणि त्या दाणकन पायरीवर आपटल्या. गिऱ्हाइकं उभी होती, गल्लीतले मिस्त्री चहा पीत होते. "नकली माल गळ्यात मारता, दाजी? तोही घरच्या माणसाच्या?" इथून सुरुवात झाली आणि तोंडाला येईल ते तो बोलत सुटला. दाजी पायरीवर आले, डिस्क उचलून उजेडात धरली, बोट फिरवून बघितली. मग त्यांनी हळूच एकच विचारलं. "तू चाकं कशी आवळतोस रे?"

झालं. आगीत तेलच ओतलं म्हणा ना. "चोराने मला शिकवू नये!" हा ओरडला.

ते वाक्य गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि आत गेले. पुन्हा त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत.

बोलायची गरज कुणाला होती? सख्खा मेहुणाच चोर म्हणतोय म्हटल्यावर बाकीचे कशाला थांबतात? मिस्त्री लोक एकेक करून दुसरीकडून माल घ्यायला लागले. बघता बघता दाजींच्या दुकानात शुकशुकाट झाला, फळ्या रिकाम्या झाल्या, आणि एक दिवस तिथे पडदे शिवणारा येऊन बसला. दाजी चौकातल्या मोठ्या दुकानात काउंटरवर नोकरीला लागले. ज्या वयात माणूस खुर्चीत बसून हुकूम सोडतो, त्या वयात दिवसभर उभं राहून दुसऱ्याचा माल काढून द्यायचा. ताईचं येणं बंद झालं. रस्त्यात दिसली तर पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची आणि पलीकडच्या कडेने निघून जायची. हा तिच्या पाठीकडे बघत राहायचा आणि मनाशी म्हणायचा, मी खोटं थोडंच बोललो? खरं बोललं की माणसं तुटतातच.

दुसऱ्या दुकानातून आणलेल्या डिस्कही परत यायच्या, बरं का. पण तेव्हा त्याने कुणाच्या पायरीवर काही आपटलं नाही. "हल्ली लोखंडच कुचकामी येतं," म्हणायचा. बायको ऐकायची आणि त्याच्याकडे नुसती बघायची.

आणि मग एकदा उतरवताना गिअरबॉक्स हातातून निसटला आणि नेमका त्याच्या उजव्या पायावर पडला. दोन हाडं मोडली. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, काठी, आणि डॉक्टरांची तंबी, की पायावर भार टाकाल तर आयुष्यभर लंगडाल. गॅरेज बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. बायको इतकी वर्षं हिशेब आणि फोन बघत होती. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "तुम्ही स्टुलावर बसा आणि तोंड चालवा. हात मी चालवते."

हाताला ती मुळीच वाईट नव्हती. पॅड बदलायला शिकली, डिस्क उतरवायला शिकली. डिस्क आणि चाक ज्याच्यावर बसतात त्या हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून लख्ख करायची. याने आयुष्यात कधी एवढा घासला नव्हता. "भांडी घासतेस का काय?" "मग? घाणेरड्या ताटलीवर ताटली नीट बसते का?" पण चाक आवळायची वेळ आली की याचा जीव खालीवर व्हायचा. ती पाइपला हातच लावायची नाही. साधा पाना, आणि नट एका ओळीने नाही. आधी एक, मग त्याच्या समोरचा, मग तिसरा, सगळे थोडे थोडे. मग पुन्हा पहिल्यापासून एक फेरी, अंगातला जोर लावून.

"अगं, पाय दे त्याच्यावर!"

"काही नको. डब्याचं झाकण एकाच बाजूने दाबलं तर दुसरी बाजू वर येते, एवढं मला कळतं."

"हा डबा आहे का? चाक निखळलं म्हणजे?"

"निखळणार नाही. गाडी थोडी फिरून परत आली की मी पुन्हा तपासून देते ना."

आणि ती खरंच द्यायची. प्रत्येक गाडी परत बोलवून नट तपासायची. एकही ढिला निघाला नाही. स्टुलावर बसून हा रोज वाट बघायचा, की आज कुणीतरी येईल आणि म्हणेल, मिस्त्री, चाक हलतंय. कुणी आलं नाही. त्याहून वाईट म्हणजे, ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतंय म्हणूनही कुणी आलं नाही. तिच्या हातची एकही गाडी त्या दुखण्याने परत येईना. ज्या यायच्या त्या सगळ्या पाय मोडायच्या आधीच्या, याच्या पायाखालून गेलेल्या.

त्याला ते लवकरच दिसायला लागलं होतं. पण दिसणं वेगळं आणि बघणं वेगळं. तो बघतच नव्हता. एके दिवशी शाळेच्या बाई दारातून जाता जाता थांबल्या. त्यांच्या गाडीच्या डिस्क या खेपेला बायकोने बसवल्या होत्या, त्याला बरेच महिने लोटले होते. "मिस्त्री, या वेळी कमाल केलीत हो! स्टिअरिंग इतकं शांत कधीच नव्हतं. काय वेगळं केलंत?" याने नुसते हात जोडले. आतून बायको बघत होती. ती मान खाली घालून पुन्हा काम करायला लागली, आणि ते त्याला जास्त लागलं.

हाडं जुळेनात म्हणून दोनदा नव्याने घातलेलं प्लास्टर शेवटी निघालं आणि डॉक्टरांनी पाय टेकायला परवानगी दिली, तेव्हा त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर कपाटाच्या वरच्या फळीवरून दाजींची ती डबी काढली. गेजवर धुळीचा थर होता. बाहेर एक गाडी कामाला आलेलीच होती. तिला घोडीवर चढवून त्याने पुढचं चाक उतरवलं, नवी डिस्क हबवर ठेवली, पॅड जागेवर बसवले आणि बायकोला म्हणाला, "चाकाचे नट नुसत्या डिस्कवरच लाव आणि तुझ्या पद्धतीने आवळ."

तिने नट आवळले, समोरासमोर, थोडे थोडे. त्याने गेज टेकवलं आणि डिस्क हाताने फिरवली. काटा जागच्या जागी नुसता शहारला.

"आता आत बसून ब्रेक दाबून धर, डिस्क फिरायला नको," तो म्हणाला. तिने दाबला. त्याने नट सैल केले, पान्यावर पाइप चढवला, टप धरलं आणि पाय ठेवला. नुकता बरा झालेला पाय ठणकत होता, तरी त्याने अंग तोललं. नट कुरकुरला. वरून एक हिसका. मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, त्याच्या नेहमीच्या ओळीने. "पक्कं!" मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही.

ब्रेक सोडायला सांगून त्याने डिस्क फिरवली. काटा या बाजूला गेला, त्या बाजूला गेला. प्रत्येक फेऱ्याला तसाच. काय होत होतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. ओळीने हिसके देऊन आवळलेले नट डिस्कला एका अंगाने ओढून धरत होते. गाडी त्या दिवशी छान चालणार. पण वाकडी फिरणारी डिस्क दर फेऱ्याला पॅडवर घासणार, एका जागी झिजत जाणार, आणि काही महिन्यांनी गिऱ्हाईक दारात येणार. मग मिस्त्री गाडी चालवून बघणार, मान हलवणार आणि म्हणणार, माल नकली.

तो तिथेच जमिनीवर बसला. बायको गाडीतून उतरली, काट्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"दाजींनी विचारलं होतं गं," तो म्हणाला. "चाकं कशी आवळतोस म्हणून विचारलं होतं. त्यांना तेव्हाच कळलं होतं."

"हं."

"आणि मी काय बोललो!"

त्याला इतकी लाज वाटली, की बायकोसमोर तोंड वर करवेना. लोखंडाला नावं ठेवली, काळाला ठेवली, दाजींना तर चोरच ठरवलं, आणि सगळा वेळ आपला पाय त्या पाइपवर! तोही मोठ्या तोऱ्यात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडून. एका माणसाचं दुकान त्याने पायाखाली घातलं होतं. ताईचं "जेवलास का रे" पायाखाली घातलं होतं. जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं त्याला झालं. पण जमीन घेत नाही. ती आपली सिमेंटची असते आणि ऑइलने चिकट झालेली असते.

"उद्या ताईच्या घरी जातो," शेवटी तो म्हणाला. "दाजींचे पाय धरतो."

"घरी?" बायको म्हणाली. "बोललात कुठे?"

त्याने गेज पुसून डबीत ठेवलं.

"चव्हाट्यावर बोललात ना? मग घरात, दार लोटून कशाला? तिथे कोण ऐकणार आहे?"

सकाळच्या वेळी चौकातलं ते दुकान मिस्त्री लोकांनी गजबजलेलं असतं. सगळ्यांना एकदमच माल हवा असतो. पक्के मिस्त्रीने दाजी तिथे लागल्यापासून त्या दुकानाची पायरी चढलेली नव्हती. काठी टेकत तो आत आला तशी दोघा-तिघांनी एकमेकांना कोपरं मारली. तो रांगेत शेवटी उभा राहिला. मनात आलं, गर्दी ओसरू दे, मग बाजूला घेऊन सांगू. लगेच बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

रांगेतून त्याला दाजी दिसत होते. केस पार पांढरे झाले होते. दोरीचा चष्मा तोच. गिऱ्हाइकाने डिस्क मागितली, की दाजी खोका आणायचे, फोडायचे, डिस्क काउंटरवरच्या फिरत्या चकतीवर ठेवायचे, गेज टेकवायचे आणि काटा गिऱ्हाइकाकडे वळवून दाखवायचे. दर वेळी. एक जण वैतागून म्हणाला, "दाजी, राहू द्या हो, घाई आहे. तुमच्यावर विश्वास नाही का?" दाजी म्हणाले, "बघून घ्या. मागाहून बोलणं नको." तो बिचारा बघून, मान हलवून निघून गेला. शेजारचा काउंटरवाला हसला, "यांचं हे रोजचंच आहे."

पक्के मिस्त्रीने पुन्हा त्या काट्याकडे बघितलं. रोजचंच! म्हणजे इथे लागल्यापासून हा माणूस रोज, प्रत्येकाला, आपण चोर नाही हे दाखवत उभा आहे.

त्याचा नंबर आला. दाजींनी वर बघितलं. ओळख दाखवली नाही, पण नाकारलीही नाही. "काय हवंय?"

"पुढच्या डिस्क," तो म्हणाला आणि गाडीचं मॉडेल सांगितलं. मग आवाज चढवला. आवाज चढवायला तेव्हा काही लागलं नव्हतं, आता अंगातला सगळा जोर लागला. "आणि दाजी, तुमच्या डिस्क चांगल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या. त्या माझ्या पायाने वाकत होत्या. मी पाइपवर उभा राहून चाकं आवळायचो ना, त्याने. काल माप घेऊन बघितलं. तुम्ही दिलेल्या गेजनेच."

रांगेतल्या माना वळल्या. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, "म्हणजे पक्के मिस्त्री, कच्चे निघालात की!" आणखी दोघं हसले. त्याचे कान तापले, पण तो वळला नाही. त्यातले दोघं त्या दिवशी पायरीशी चहा पीत होते, हे त्याला आठवत होतं.

दाजी हसले नाहीत. त्यांनी काउंटरवर दोन्ही हात टेकले. "मी तुला एक विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो. चाकं कशी आवळतोस म्हणून."

"आणि तू काय म्हणाला होतास?"

त्याला वाटलं, दाजी, एवढं नका मागू. पण दाजी थांबले होते, आणि सगळं दुकान थांबलं होतं.

"चोराने मला शिकवू नये, असं म्हणालो होतो." शेवटचे शब्द त्याच्या तोंडून फुटता फुटेनात. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने बाहीने पुसलं. सगळ्यांदेखत.

"हं," दाजी म्हणाले. "हे तुझ्या ताईलाही तूच सांगायचं. अस्सं, याच शब्दांत. माझ्याकडून निरोप चालणार नाही."

"सांगतो, दाजी. आत्ता इथून तिकडेच जातो."

दाजी आत गेले, खोका घेऊन आले आणि फोडायला लागले.

"दाजी, माझ्यासाठी नका मोजू," तो घाईघाईने म्हणाला. "अहो, माझ्यासाठी तरी नको."

"सवय झालीय आता," दाजी म्हणाले. त्यांनी डिस्क चकतीवर ठेवली, गेज टेकवलं, हाताने हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवला आणि काटा त्याच्याकडे वळवला. काटा जागचा हलला नव्हता. तो मान खाली घालून उभा होता.

"वर बघ," दाजी म्हणाले. "नीट बघून घे. मागाहून बोलणं नको."